पत्र्याचे ठिगळ

मोटारगाडीच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या इंजिनाची कुळकथा, तिच्या वेगाचे उच्चांक, तिच्या कारखानदारांनी उभारलेली साम्राज्ये, या सर्वांना चरित्रकार लाभले. परंतु त्याच गाडीच्या दाराखालचा पत्रा गंजून त्याला बोटभर भोक पडले, म्हणजे ते कोण बुजवीत असे, कशाने बुजवीत असे आणि बुजवलेले ठिकाण किती पावसाळे टिकत असे, हा वृत्तान्त बहुधा गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर येत नाही. वस्तुतः या क्षुल्लक वाटणाऱ्या भोकामागे धातुशास्त्र आहे, रसायन आहे, महायुद्ध आहे, कारागिराच्या जिवाचे मोल आहे, आणि थोडीबहुत फसवणूकही आहे.

आरंभीच्या मोटारी या घोड्यावाचून चालणाऱ्या घोडागाड्याच होत्या. त्यांचे वरचे अंग बांधणारे कारागीर बग्ग्या आणि व्हिक्टोरिया बांधणाऱ्यांच्या पिढीतलेच. अॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा करावा, सांधे खुंट्यांनी व स्क्रूंनी आवळावेत आणि त्यावर लाकडाच्या फळ्या किंवा पातळ पत्रा ठोकावा, अशी ती रीत होती. पत्रा हे केवळ कातडे. भार वाहणारी हाडे लाकडाची. अशा गाडीला धक्का बसला तर पत्रा सोडवून घ्यावा, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकावा आणि पुन्हा जागी बसवावा, एवढ्यावर काम भागे. फाटलाच तर मागून दुसरा तुकडा लावून डाख दिला जाई. त्या काळी गाडीचे मरण पत्र्यातून येत नसे. ते लाकडातून येई. सांध्यात पाणी मुरले की लाकूड कुजे आणि दारे खडखडू लागत.

ही व्यवस्था मोडून काढणारा मनुष्य म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा एडवर्ड बड. त्याने १९१२ मध्ये आपला कारखाना काढला आणि व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ लेडविंका या अभियंत्याच्या साहाय्याने गाडीचे संपूर्ण अंग पोलादी पत्र्याचे करण्याचा घाट घातला. दाबयंत्रात पत्र्याचे भाग घडवावयाचे आणि ते विजेच्या व वायूच्या वेल्डिंगने एकमेकांस जोडावयाचे, अशी ही कल्पना. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये आपल्या नव्या गाडीसाठी हे पोलादी अंग स्वीकारले. त्यात एक व्यावहारिक लाभ होता, तो सामान्यतः लक्षात येत नाही. लाकडी सांगाड्यावरचा रंग सावकाश वाळवावा लागे, कारण फार उष्णता दिली तर लाकूड तडकावयाचे. पोलादाला ते भय नव्हते. रंगवलेले अंग भट्टीत घालून रंग भाजून काढता येऊ लागला, आणि गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या. पुढे १९२४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने पॅरिसच्या प्रदर्शनात बडच्या पद्धतीची पोलादी गाडी मांडली. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस याने बडच्याच सहकार्याने ऑक्सफर्डजवळ काउली येथे प्रेस्ड स्टील कंपनी उभी केली. रुंद पत्रा अखंड लाटणारी यंत्रे १९२० च्या दशकात अमेरिकेत आली. तरीही छपराएवढा मोठा अखंड पत्रा दाबून काढण्यास १९३४-३५ उजाडले. तोवर पुष्कळ गाड्यांच्या छपराचा मधला भाग कापडाचाच असे.

आता लाकूड गेले, आणि त्याबरोबर लाकडाची कूजही गेली. परंतु पोलादाचा जो जन्मजात रोग, तो गाडीच्या नशिबी आला. लोखंड खाणीत असते ते प्राणवायूशी संयोग पावलेल्या स्थितीत. मनुष्य भट्टी पेटवून त्यास त्यापासून सोडवितो, आणि पाणी व हवा मिळताच ते पुन्हा आपल्या मूळ स्थितीकडे धाव घेते. यालाच आपण गंज म्हणतो. उघड्या सपाट पत्र्यावर हे काम सावकाश चालते आणि डोळ्यांस दिसते; पण दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडले असतील तर त्यांच्या मधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने शिरते व वाळत नाही. फटीच्या आत प्राणवायू कमी, तोंडाशी अधिक. या विषमतेमुळे तेथे एक सूक्ष्म विद्युत्‌घटच तयार होतो, आणि ज्या ठिकाणी प्राणवायू कमी तेथील लोखंड झिजते. म्हणजे रोग जेथे दिसत नाही तेथेच तो बळावतो. झालेला गंज मूळ धातूहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पत्रे एकमेकांपासून फुगून सुटतात आणि अधिक पाणी आत येते. बाहेरून रंगावर मुगाएवढा फोड दिसतो. बोटाने दाबावा तो बोट आरपार जाते. मोटारीच्या पत्र्याची जाडी ती केवढी? बहुधा एक मिलिमीटरच्या आतबाहेर. आतून बाहेर येणाऱ्या गंजाला ही भिंत ओलांडण्यास कितीसा अवधी लागणार!

भोक पडल्यावर काय करावे, या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर ज्योतीने दिले. अमेरिकेत थॉमस विल्सन याने १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड तयार केले, आणि त्यावर पाणी टाकताच अॅसिटिलीन वायू सहज मिळू लागला. फ्रान्सच्या ले शातेलिए याने १८९५ मध्ये दाखवून दिले की, हा वायू शुद्ध प्राणवायूबरोबर जाळला असता ज्योतीचे उष्णतामान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. फूशे आणि पिकार यांनी १९०३ च्या सुमारास ती ज्योत हातात धरता येईल अशा नळीत बसवली. पोलाद सुमारे १५०० अंशांवर वितळते. म्हणजे गंजलेला भाग कापून टाकावा, तेवढाच नवा तुकडा बसवावा आणि कडा वितळवून एकजीव कराव्यात, हे आता शक्य झाले.

शक्य झाले खरे, पण सोपे झाले नाही. जाड पोलाद जोडणे आणि पातळ पत्रा जोडणे यांत अंतर आहे. पातळ पत्र्याला एका जागी तापवले की तेथला भाग प्रसरण पावू पाहतो; सभोवतीचा थंड पत्रा त्यास पसरू देत नाही; तेव्हा तो वर किंवा खाली फुगतो आणि थंड झाल्यावर आखडून ओढ धरतो. बोटभर भोक बुजवावयास गेलेल्या नवशिक्याच्या हाती अखेरीस लाटा उठलेले मडगार्ड येते, ते यामुळेच. जाणता कारागीर सलग रेघ ओढीत नाही. तो एक टाका येथे, दुसरा तेथून वीतभर दूर, तिसरा आणखी पलीकडे, असे घालतो. मधल्या वेळात उष्णता निवू देतो. आणि प्रत्येक टाका ऊन असतानाच मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने मठारतो. भोक लहान असेल तर मागे तांब्याची पट्टी धरतो, कारण वितळलेले पोलाद तांब्यास चिकटत नाही आणि तांबे उष्णता शोषून घेते. ठिगळाचे कोपरे गोल कापतो, टोकदार ठेवीत नाही. टोकाशी ताण साठतो आणि तेथून पुन्हा चीर निघते. ताणून सैल पडलेला पत्रा आवळण्याचीही एक युक्ती त्याच्यापाशी असते. एक लहानसा ठिपका लाल करावा, हातोडीने हलकेच दाबावा आणि ओल्या फडक्याने एकदम थंड करावा. पत्रा आखडून घेतो, आणि डबडब वाजणारा भाग घट्ट होतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडे-घागरींवर पडणारे ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या विद्येचे गोत्र ओळखण्यास अडचण पडणार नाही.

तथापि कितीही मठारले तरी सांध्यावर उंचवटे-खोलगटे राहतातच, आणि तकतकीत रंग हा असा चहाडखोर की केसाएवढा खळगाही तो प्रकाशात दाखवून देतो. तेव्हा वरून काहीतरी भरून सपाटी आणणे प्राप्त होते. या भरणाच्या कामात सुमारे अर्धे शतक ज्या धातूने राज्य केले तो म्हणजे शिसे.

निव्वळ शिसे नव्हे. शंभरात सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील, असा तो मिश्रधातू. या प्रमाणात एक रहस्य आहे. कथील व शिसे विशिष्ट प्रमाणात, म्हणजे त्रेसष्टास सदतीस या सुमारास, मिसळले तर ते १८३ अंशांवर एकदम पाणी होते; घनातून द्रवात उडी, मध्ये पायरी नाही. परंतु शिशाचे प्रमाण वाढवले की एक विलक्षण मधली अवस्था मिळते. १८३ अंशांवर धातू मऊ होऊ लागतो, आणि पूर्ण पातळ होण्यास अडीचशे अंशांच्या वर जावे लागते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तो लोण्यासारखा असतो. उभ्या पत्र्यावरून ओघळत नाही आणि लाकडी पट्टीने सारवता येतो. ही गोष्ट मोटारवाल्यांनी शोधून काढली नाही. शिशाच्या नळांचे सांधे हातातल्या फडक्याने पुसून जोडणारे नळकारागीर ती पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. मोटारीच्या कारागिराने ती उसनी घेतली, इतकेच.

काम असे चाले. प्रथम पत्रा घासून पांढरा करावयाचा. गंजाचा, रंगाचा कण राहता कामा नये. मग आम्लयुक्त द्रव्य लावून त्यावर कथलाचा पातळ लेप चढवावयाचा. आपल्याकडील कल्हईवाला नवसागराचा धूर काढीत कापसाच्या बोळ्याने पातेल्याच्या पोटात कथील फिरवितो, तेच हे कर्म. कथील पोलादाशी सख्य करते आणि शिसे कथलाशी; मध्यस्थावाचून शिसे पोलादास चिकटत नाही. लेप बसला की मंद ज्योतीखाली शिशाची कांडी व पत्रा एकाच वेळी ऊन करावयाचा, कांडी मऊ झाली की दाबून तिचे गोळे पत्र्यावर लावावयाचे, आणि चरबी किंवा मेण लावलेल्या कठीण लाकडाच्या पट्टीने ते पसरावयाचे. ज्योत जरा अधिक झाली तर सगळे भरण टपकन जमिनीवर. जरा कमी झाली तर ते चुरा होऊन सुटते. उजव्या हातात पट्टी, डाव्यात ज्योत, आणि डोळा धातूच्या चकाकीवर! अखेरीस वाकड्या दातांच्या कानशीने तासून वळण काढावयाचे आणि आम्लाचा अंश धुऊन टाकावयाचा, नाहीतर तोच पुढे रंगाखालून फोड आणतो. अशा रीतीने केलेले काम चाळीस-पन्नास वर्षांनीही जसेच्या तसे सापडते. मोटारींचे मोठे कारखानेही छप्पर व मागील पाखे यांचा सांधा याच शिशाने बुजवीत. कॅलिफोर्नियातील हौशी लोकांनी तर १९४० व १९५० च्या दशकांत १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी गाड्या घेऊन त्यांची छपरे उतरवली, कोपरे गोल केले आणि सगळे सांधे शिशाने मिटवून टाकले. अशा गाड्यांना तेथे ‘शिशाची घसरगाडी’ अशा अर्थाचे नाव पडले.

या सुंदर कामाची किंमत मात्र कारागीर देत असे. शिसे हे मंद विष आहे. पोटात कळा येणे, रक्त कमी होणे, मनगट लुळे पडणे ही त्याची लक्षणे वैद्यकास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. ते मऊ होण्याइतके तापवण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो त्याच्या धुळीत. म्हणूनच जुने उस्ताद शिसे कानशीनेच तासावे, वाळूकागदाने घासू नये असे बजावीत; कानशीचा कीस जाड असतो, जमिनीवर पडतो, फुप्फुसात जात नाही. मोठ्या कारखान्यांत शिसे घासण्याच्या खोल्या वेगळ्या असत, आणि आतील कामगारास बाहेरून हवा पुरवणारे शिरस्त्राण घालावे लागे. लहान गॅरेजात ना खोली होती ना शिरस्त्राण. होती ती घाई.

दुसरे महायुद्ध पेटले आणि या व्यवसायाची दोन्ही टोके एकाच वेळी ओढली गेली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनविणे बंद झाले, ते १९४५ पर्यंत. जी गाडी दारात आहे तीच सांभाळणे भाग पडले. दुरुस्तीची कामे वाढली. त्याच वर्षी मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती पडल्यामुळे जगातील कथलाचा मोठा पुरवठा तुटला. ज्याच्यावाचून शिसे पोलादास चिकटत नाही, तेच दुर्मिळ झाले. कमी कथलाची मिश्रणे करून लोकांनी वेळ निभावली.

याच सुमारास आणखी एक शत्रू रस्त्यावर उतरला होता, आणि त्याला मनुष्याने स्वतःच्या हाताने आणले होते. बर्फाळ प्रदेशात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकण्याची चाल पडली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये हा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे ५००० टन मीठ रस्त्यांवर पडले. १९७० च्या सुमारास तो आकडा एक कोटी टनांच्या आसपास गेला. मिठाचे पाणी वीज चांगली वाहते, त्यामुळे वर सांगितलेला सूक्ष्म विद्युत्‌घट जोमाने चालतो. शिवाय मीठ हवेतील ओल धरून ठेवते, म्हणजे पत्र्याला वाळण्याची उसंतच मिळत नाही. चाकाच्या वरच्या पोकळीत साठलेला खारट चिखल म्हणजे गंजाला घातलेले खतपाणीच होय. पाच-सहा हिवाळ्यांत नवी गाडी चाळणी होऊ लागली, आणि चाळणीची भोके एकेक करून शिशाने बुजविणे कोणासच परवडेना.

फ्लॉरिडातील मायामी शहरात रॉबर्ट मेर्टन स्पिंक नावाचा एक माजी सैनिक मोटारीच्या पत्र्याचे गॅरेज चालवीत असे. शिशाच्या विषाला व त्याच्या कटकटीला तो कंटाळला होता. प्लॅस्टिकची राळ त्यावेळी नवी होती. काचेचे तंतू व पॉलिएस्टर राळ यांचे आख्खे अंग असलेली कॉर्व्हेट गाडी १९५३ मध्येच निघाली होती. स्पिंकने १९५५ मध्ये राळेत शंखजिऱ्याची बारीक पूड मिसळून एक लगदा तयार केला. त्यात बोटभर कठीणक घातले की तो काही मिनिटांत आपोआप घट्ट होई; ज्योत नको, कथील नको, आम्ल नको. अर्ध्या तासात वाळूकागदाने घासून रंग द्यावा. या लगद्याला त्याने ‘बाँडो’ हे नाव दिले, आणि थोड्याच काळात ते नाव अमेरिकेत सामान्यनाम होऊन बसले. आपल्या रंगाऱ्यांची लांबी ती हीच, पण तिच्यात तेलाऐवजी रसायन आले.

स्पिंकने विषापासून किती कारागिरांची सुटका केली याची मोजदाद नाही. ते त्याचे मोठेच ऋण मानले पाहिजे. परंतु त्याच डब्यातून एक नवी अप्रामाणिकता बाहेर पडली. शिसे भोकावर बसत नसे. ते बसविण्यासाठी खाली धड, स्वच्छ पत्रा लागे. म्हणून शिशाने काम करणाऱ्याला आधी ठिगळ जोडणे भागच होते. लगद्याला असली अट नाही. भोकात वर्तमानपत्राचा बोळा किंवा तारेची जाळी कोंबावी, वरून लगदा थापावा, घासावा, रंगवावा. आठ दिवसांत गाडी नव्यासारखी आणि आठ महिन्यांत पूर्वीहून वाईट. शंखजिरे ओल शोषून घेते. भोकाच्या मागच्या बाजूने आलेले पाणी लगद्यात मुरते आणि पत्र्याला आतल्या आत ओले ठेवते, त्यामुळे गंज लगद्याच्या आडोशाने अधिकच फोफावतो. खळगा भरण्यासाठी निर्माण झालेली वस्तू भोक झाकण्यासाठी वापरली गेली, यात वस्तूचा दोष नाही. जुनी गाडी घेणारे शहाणे लोक तेव्हापासून खिशात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक बाळगू लागले. पत्रा असेल तेथे ते चिकटते, लगदा असेल तेथे गळून पडते.

प्रकरण नुसत्या सौंदर्याचे असते तर एवढे बोलण्याचे कारण नव्हते. पण मधल्या काळात गाडीची रचनाच पालटली होती. पूर्वी अंगाखाली जाड पोलादी चौकट असे, आणि पत्रा गंजला तरी चौकट शाबूत राही. इटलीच्या लान्चिया लाम्ब्दाने १९२२ मध्ये आणि सित्रोएनच्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीने १९३४ मध्ये ही चौकट काढून टाकली. अंगच भार वाहू लागले. युद्धानंतर बहुतेक लहान गाड्या अशाच झाल्या. आता दाराखालचा पोकळ पत्रा म्हणजे गाडीचा कणा. त्यात भोक पडणे म्हणजे घराच्या तुळईला वाळवी लागणे. तेथे लगदा भरून रंग दिला तर गाडी दिसते धड, पण टक्कर होताच ती काडेपेटीसारखी मिटते आणि आत माणसे असतात.

ब्रिटनने १९६० च्या सप्टेंबरात दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सुरू केली. पुढच्याच वर्षी ती मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. आरंभी तपासणी ब्रेक, सुकाणू आणि दिव्यांपुरती होती. कालांतराने गंजाचाही समावेश झाला. भार वाहणाऱ्या किंवा सुरक्षा-पट्टा बांधलेल्या ठिकाणापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजला असेल, तर गाडी नापास. तेथे राळेचा लगदा चालत नाही, रिव्हेट चालत नाही, पितळेचा डाखही चालत नाही; ठिगळ सर्व बाजूंनी सलग वेल्ड केलेले असावे लागते. लोकांच्या संतापालाही सीमा राहिली नव्हती. १९८० मध्ये ब्रिटनमधील लान्चिया बीटा गाड्यांच्या इंजिनाचा आधार गंजून सुटत असल्याचा बोभाटा वृत्तपत्रांतून झाला, आणि कंपनीला कित्येक गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या.

भारताच्या बहुतेक भागांत बर्फ नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. पण कोकण-गोव्याचा समुद्र आणि चार महिन्यांचा पाऊस ही उणीव भरून काढतात. येथील परिस्थितीचा खरा विशेष वेगळाच होता. १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे परदेशी कारखानदारांनी येथील जुळणीचे उद्योग आवरते घेतले. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. उरले देशी कारखाने. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, आणि तीच १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात काउलीच्या मॉरिस ऑक्सफर्डची वंशज अँबॅसडर तयार होई. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेली गाडी मग बापाकडून मुलाकडे जाई. गोव्यात १९६१ पर्यंत, पोर्तुगीज अमलाखाली, परदेशी मोटारी येत असत. त्यानंतर आयातीच्या निर्बंधांमुळे त्यांचे सुटे पत्रे मिळणे दुरापास्त झाले. जे विकत मिळत नाही ते हाताने घडवावे लागते. क्यूबातही १९५९ च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकन व्यापारबंदीनंतर हेच घडले. हवानाच्या रस्त्यांवरील १९५० च्या दशकातील अमेरिकन गाड्या तेथील पत्रेकारागिरांनी तगवून धरल्या.

आपल्याकडे या कारागिरास कोठे ‘डेंटर’ म्हणतात, तर गोवा-कर्नाटकाकडे त्याच्या कामास ‘टिंकरिंग’ म्हणतात. इंग्रजीत टिंकर म्हणजे गावोगाव हिंडून भांड्यांना डाख देणारा. हा शब्द मोटारीला लागावा यात औचित्य आहे. रस्त्याकडेच्या या गॅरेजात कार्बाइडचे पिंप असे. त्यात पाणी सोडून तेथल्या तेथे वायू तयार होई, आणि त्याचा उग्र लसणासारखा दर्प सगळ्या गल्लीला परिचित असे. पिंपाचा किंवा जुन्या गाडीचा चांगला पत्रा कापून त्याचा तळ, त्याचे मडगार्ड, त्याची दाराखालची पट्टी नुसत्या ठोकळ्यावर वळवून घडविणारे उस्ताद या गॅरेजांत होते. अर्थात लगद्याने भोके झाकणारेही त्यांच्याच शेजारी होते, आणि गिऱ्हाईकाला दोघांचे काम पहिल्या दिवशी सारखेच दिसे.

१९७५ च्या अखेरीस पोर्शे कंपनीने आपल्या ९११ गाडीचा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्ताने मढविला आणि गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. १९८५ मध्ये आउडीने तेच आपल्या मोठ्या खपाच्या गाडीत केले. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. अंग रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या योगाने पोकळ्यांच्या आतपर्यंत लेप चढविण्याची फोर्डची पद्धत १९६० च्या दशकातलीच. पुढे ती सुधारत सर्वत्र पसरली. परिणामी गंजाचे भोक ही नव्या गाडीत विरळ गोष्ट झाली. पोलादही बदलले. हलके व अतिबळकट पोलाद अॅसिटिलीनच्या रुंद ज्योतीने तापवले तर त्याचे बळ जाते, म्हणून १९८० च्या दशकात गॅरेजांतून ज्योत मागे पडली आणि तारेचे वेटोळे सोडीत वायूच्या आवरणाखाली जोडणारे विजेचे यंत्र आले. काही भागांना तर आता ठिगळ लावण्याची कारखानदारांची मनाई आहे. आख्खा भाग बदलावा लागतो. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने कारागिरास ताप भरतो, हा मात्र नवा प्रसाद. शिसे गेले म्हणून हवा निर्मळ झाली असे समजू नये.

मुंबईत नोंदवली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले होते. या गाड्या आता संग्राहकांच्या अंगणात उभ्या आहेत, आणि त्यांचे मालक लगद्याचे थर खरवडून खालचा पत्रा शोधीत आहेत. युरोपात नव्या मोटारींतील शिशाच्या वापरावर १ जुलै २००३ पासून कडक निर्बंध आले. म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी शिसेविरहित, कथलप्रधान कांड्या निघाल्या आहेत. त्यांचा लोण्यासारखा राहण्याचा पट्टा सत्तर-तिसाच्या मानाने अरुंद आहे, म्हणून ज्योत क्षणाक्षणाला मागे-पुढे करावी लागते. ती करता येणारे हात अजून कोठे कोठे आहेत, आणि त्यांच्याकडे शिकण्यास येणारी पोरे थोडी आहेत.